अर्धी भरलेली तबकडी

श्रोतेहो, इतिहासाच्या प्राध्यापकाने ताम्रपटांविषयी बोलावे, बखरींविषयी बोलावे, फार तर जुन्या नाण्यांविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. आज मात्र मी एका अगदी अलीकडच्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे सीडी, माहिती साठवण्याची तबकडी. त्यातही जी कोरी विकत मिळे आणि आपण घरी किंवा दुकानात भरून घेत असू, ती. आणि त्यातही जी पुरती भरली नाही, अर्धीच राहिली, ती. ह्या अर्ध्या तबकडीवर मागाहून आणखी काही लिहिता येते का, आणि लिहिले तर आधीच्या मजकुराचे काय होते, एवढाच आजचा प्रश्न. प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे. पण त्याच्यापायी एका घराण्याचे जुने कागद हातचे जाता जाता राहिले आणि त्यात दोष बराचसा माझाच होता. ती हकीकत पुढे येईलच. आधी तबकडीची कुळकथा पाहू.

हॉलंडमधली फिलिप्स आणि जपानमधली सोनी ह्या दोन कंपन्यांनी मिळून १९८० साली ह्या तबकडीचे नियम ठरवले, आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानच्या बाजारात ती पहिल्यांदा विकायला आली. तेव्हा ती केवळ गाण्यांसाठी होती. व्यास बारा सेंटिमीटर, वेळ सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटे. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई बाहेरून आत येते. इथे प्रकाशाचा किरण आतून बाहेर जातो. वाट मात्र एकच, नागमोडी नव्हे, चकलीसारखी. ही चकली उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. पुढे काही वर्षांतच गाण्यांच्या जागी संगणकाची माहिती ठेवता येते हे ध्यानात आले आणि चकलीचे बारीक खण पाडण्यात आले. एका सेकंदाला पंचाहत्तर खण, आणि एका खणात रोमन लिपीतली २,०४८ अक्षरे. चौऱ्याहत्तर मिनिटांचा गुणाकार आपण सवडीने करून पाहा. तीन लाख तेहतीस हजार खण होतात, आणि त्यांत साडेसहाशे मेगाबाइट मजकूर मावतो. त्या काळी हे आकडे ऐकून माणसे थक्क होत.

खण तर पाडले, पण कोणत्या खणात काय ठेवले आहे हे कळणार कसे? प्रत्येक कंपनीने आपापली रीत काढली असती, तर एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर वाचता आली नसती. म्हणून १९८५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या टाहो सरोवराकाठी, हाय सिएरा नावाच्या हॉटेलात, निरनिराळ्या कंपन्यांची जाणती माणसे एकत्र बसली. त्यांनी जी पद्धत सुचवली, तिलाच थोडे फेरफार होऊन १९८८ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आय.एस.ओ. ९६६० हे तिचे नाव. पद्धत सोपी आहे. पहिले सोळा खण मोकळे सोडायचे. त्याच्या पुढच्या खणापासून तबकडीची ओळख लिहायची, आणि अनुक्रमणिका कुठे आहे तेही तिथेच सांगायचे. मग अनुक्रमणिका, आणि तिच्यात प्रत्येक फाइलचे नाव आणि ती कोणत्या खणापासून सुरू होते तो आकडा. संगणक तबकडी सगळी वाचत बसत नाही. तो ओळख पाहतो, अनुक्रमणिका पाहतो आणि तिच्यात जे असेल तेवढेच आपल्याला दाखवतो. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी. पुढचा सगळा घोटाळा इथूनच निघतो.

ह्या मंडळींच्या डोळ्यांसमोर तबकडी होती ती कारखान्यात छापून निघणारी. पुस्तक जसे एकदाच छापतात, तशी. मजकूर सगळा तयार, अनुक्रमणिका तयार, मग छपाई. पण ज्या १९८८ साली ह्या पद्धतीला मान्यता मिळाली, त्याच साली जपानमधल्या तायो युदेन ह्या कंपनीने एक नवी तबकडी सिद्ध केली. तिच्या पोटात एका सेंद्रिय रंगाचा पातळ थर होता. त्यावर जोरकस लेसर किरण सोडला की तेवढ्या ठिकाणी रंगावर डाग पडतो, आणि वाचणाऱ्या यंत्राला तो डाग कारखान्यातल्या खळग्यासारखाच भासतो. हीच सीडी-आर. कोरी आणायची आणि आपण लिहायची. आपल्याकडे लोक ‘सीडी राइट करणे’ म्हणत, तर इंग्रजीत ती ‘जाळणे’ असा प्रयोग रूढ झाला, आणि तो शब्दशः खरा आहे. जाळलेला डाग पुन्हा पुसता येत नाही. ह्या तबकडीचे नियम फिलिप्स आणि सोनीने १९९० साली नारिंगी मुखपृष्ठाच्या ग्रंथात घातले, म्हणून त्याला ऑरेंज बुक म्हणतात.

आता अडचण पाहा. अनुक्रमणिका पुढे, मजकूर मागे. समजा आपण आज तबकडीचा तिसरा हिस्सा भरला आणि तेवढ्याची अनुक्रमणिका लिहून टाकली. महिन्याने आणखी शंभर फाइली घालायच्या आहेत. जागा आहे, शाबूत आहे. पण अनुक्रमणिकेत त्यांची नावे घालणार कशी? ते पान तर जाळून झाले! त्यात खाडाखोड नाही, समासात बारीक अक्षरांत लिहिणे नाही.

ह्यावर जे उत्तर काढले ते समजावून घ्यायला आपल्या जुन्या पेढीवर जाऊ. पेढीवर रोजकीर्द असते आणि खतावणी असते. रोजकीर्दीत जसजसा व्यवहार होईल तसतशी नोंद खाली खाली पडत जाते. मागची नोंद फाडायची नाही, खोडायची नाही. चुकली तर पुढे दुरुस्तीची नवी नोंद टाकायची. कोणाच्या नावावर काय, हे पाहायचे तर खतावणी उघडायची. आणि वही संपून नवी वही सुरू झाली, की कारकुनाचे पहिले काम कोणते? मागची बाकी पुढे ओढणे. ती ओढली नाही तर जुनी वही कपाटात सुखरूप असूनही पेढीचे येणे बुडाल्यासारखेच.

तबकडीचेही तसेच केले. लिहिण्याच्या एका बैठकीला सेशन म्हणू लागले. प्रत्येक सेशन म्हणजे जणू एक लहानशी स्वतंत्र तबकडीच. तिला आपली आरंभीची पट्टी, आपली ओळख, आपली अनुक्रमणिका, आपला मजकूर आणि आपली अखेरची पट्टी. पहिल्या सेशनच्या आरंभीच्या पट्टीत एवढेच लिहून ठेवायचे की, पुढे लिहायचे झाल्यास अमुक ठिकाणापासून लिहावे. यंत्र तिथे जाऊन पाहते. तिथे दुसरे सेशन सापडले तर त्याची आरंभीची पट्टी वाचते, तिथून तिसऱ्याकडे जाते. असे करत करत ते शेवटच्या सेशनपर्यंत पोचते आणि त्याची अनुक्रमणिका प्रमाण मानते. आणि ही शेवटची अनुक्रमणिका लिहिताना मागच्या सर्व फाइलींची नावे आणि त्यांचे जुने खण तिच्यात पुन्हा उतरवून घ्यायचे. मजकूर पुन्हा लिहायचा नाही, फक्त पत्ते. मागची बाकी पुढे ओढली, की पाहणाऱ्याला जुने आणि नवे मिळून एकच तबकडी दिसते.

ह्या सोयीची किंमत पडते, आणि ती जागेच्या रूपाने द्यावी लागते. पहिले सेशन बंद करताना अखेरच्या पट्टीला दीड मिनिटाची, म्हणजे ६,७५० खणांची जागा जाते. पुढच्या सेशनच्या आरंभीच्या पट्टीला एक मिनिट, म्हणजे ४,५०० खण. त्यानंतरच्या सेशनांची अखेरची पट्टी अर्ध्या मिनिटाची, २,२५० खणांची. हिशेब असा बसतो की, दुसऱ्यांदा लिहायला घेतले की सुमारे बावीस मेगाबाइट आणि त्यापुढे दर खेपेस सुमारे तेरा मेगाबाइट जागा नुसत्या दारा-उंबऱ्यात जाते. रोज एक पत्र टंकून रोज ते तबकडीवर चढवणाऱ्या माणसाची तबकडी पन्नास पत्रेही घेत नसे, आणि ‘साडेसहाशे मेगाबाइट गेले कुठे?’ म्हणून तो दुकानदाराशी भांडत असे! शहाणपण ह्यात होते की, फाइली साठू द्याव्यात आणि थोड्या खेपांत लिहाव्यात. ‘ही तबकडी आता कायमची बंद करायची का?’ असे लेखनाचा प्रोग्राम विचारत असे. त्याला ‘हो’ म्हटले की पुढच्या जागेचा पत्ता लिहिला जात नसे. मग अर्धी तबकडी मोकळी असली तरी तिच्यावर अक्षर चढत नसे.

ही युक्ती कोणाच्या गरजेतून लोकांपर्यंत आली, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे. ती गरज संगणकवाल्यांची नव्हती, फोटोवाल्यांची होती. कोडॅक कंपनीने फिलिप्सच्या साहाय्याने फोटो सीडी नावाची एक योजना १९९० साली जाहीर केली आणि १९९२ साली बाजारात आणली. आपण फिल्मचा रोल धुवायला द्यायचा, दुकानदार त्यातले फोटो तबकडीवर उतरवून देणार. एका तबकडीवर सुमारे शंभर फोटो मावत. पण रोलमध्ये फोटो असत चोवीस किंवा छत्तीस. म्हणजे लग्नाचा रोल भरला तरी तबकडी निम्म्याहून अधिक रिकामीच! गिऱ्हाईक ती रिकामी जागा टाकून कशी देईल? त्याने तीच तबकडी पुढच्या रोलबरोबर परत आणावी, बारशाचे फोटो लग्नाच्या फोटोंमागे चढवावेत, ही कल्पना. त्यासाठी अनेक सेशनांची तबकडी हवी, आणि ती वाचणारे यंत्रही हवे. तोवरची बहुतेक यंत्रे पहिल्या सेशनपाशीच थांबत. त्यांना दुसऱ्या रोलचा पत्ताच लागत नसे. त्यामुळे यंत्रांच्या जाहिरातींत ‘मल्टिसेशन’ हा शब्द झळकू लागला आणि थोड्याच वर्षांत ती गोष्ट गृहीत धरली जाऊ लागली. कोडॅकची ती योजना पुढे मोडली, कंपनीने ती बंद केली. पण तिच्यामुळे घडलेला बदल मात्र प्रत्येक संगणकात राहिला.

लिहिण्याचे यंत्र प्रथम फार महाग, मोठ्या संस्थांनाच परवडणारे होते. १९९५ च्या सुमारास ते अमेरिकेत हजार डॉलरांच्या आत आले आणि तिथून किंमत उतरतच गेली. लिहिण्याचे प्रोग्रामही आले. मागची अनुक्रमणिका पुढे ओढण्याचे काम कोणी कसे करावे ह्यात मात्र एकवाक्यता नव्हती. एरिक यंगडेल ह्यांनी १९९३ साली लिहिलेल्या एम-के-आय-सो-एफ-एस ह्या प्रोग्रामात पुढे ही सोय झाली. तिथे वापरणाऱ्याला दोन आकडे द्यावे लागत. मागचे सेशन कुठे सुरू होते आणि नवे कुठे सुरू होणार, हे ते आकडे. आणि मागचे सेशन जोडून घे, असे वेगळे सांगावे लागे. न सांगितले तर तो बापडा नवे तेवढेच लिहून मोकळा होई. दुसऱ्या काही प्रोग्रामांत ‘नवी तबकडी सुरू करा’ आणि ‘जुनी पुढे चालवा’ अशी दोन बटणे शेजारी शेजारी असत. २००१ साली विंडोज एक्सपी आले. त्यात तबकडी लिहिण्याची सोय संगणकाबरोबरच मिळू लागली आणि हे ज्ञान घरोघर पोचले. ज्ञान म्हणण्यापेक्षा, बटण पोचले.

इथे आता माझी हकीकत येते.

२००४ साली मी नुकताच एम.ए. होऊन एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात एक जुना वाडा होता, आणि वाड्यात आजी एकट्याच राहत. त्यांच्याकडे मोडी कागदांचे तीन रुमाल होते. इनामाचे कागद, वाटणीपत्रे, कोणाकोणाची खुशालीची पत्रे, धान्याचे हिशेब. कोणा राजाचा उल्लेख त्यांत क्वचितच असेल, पण गाव कसे जगत होते ते त्यांत होते. कागद घराबाहेर द्यायला आजींची तयारी नव्हती, आणि मला ते योग्यच वाटले. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एका मित्राचा डिजिटल कॅमेरा मागून घेतला आणि ओसरीवर चटई टाकून दोन रुमालांचे फोटो काढले. दोनशे बारा. गावात आल्यावर एका दुकानात त्यांची सीडी करून घेतली. कोरी सीडी त्या वेळी पंधरा-वीस रुपयांना मिळे. तबकडी अर्धीही भरली नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, “सर, उघडी ठेवलीय. पुढचे फोटो हिच्यातच टाकू.” मला बरे वाटले. काटकसर कोणाला नको असते?

पुढच्या मे महिन्यात तिसऱ्या रुमालाचे फोटो काढले, तीच तबकडी घेऊन त्याच दुकानात गेलो. त्या दिवशी दुसराच मुलगा होता. त्याने दहा मिनिटांत काम करून दिले. मी तबकडी पिशवीत घातली आणि घरी येऊन कपाटात ठेवली. उघडून पाहिली नाही. कॅमेऱ्याचे कार्ड मोकळे करून मित्राला परत दिले. दुसरी प्रत काढली नाही. एवढ्या चुका एका माणसाने एका महिन्यात केल्या.

२००५ चा तो पावसाळा आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात असेल. कृष्णाकाठ पाण्याखाली गेला होता. त्या पावसात वाड्याची मागची भिंत कोसळली आणि माजघरातल्या फडताळात ठेवलेले रुमाल दोन दिवस चिखलात पडून राहिले. मोडी कागद, बोरूची शाई. काय उरणार? मी भेटायला गेलो तेव्हा आजींनी त्या लगद्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, “कागद गेले रे बाळ. पण तू फोटो काढले होतेस ना?”

मी म्हटलं, “हो आजी, आहेत की.”

घरी येऊन तबकडी लावली. पडद्यावर तिसरा रुमाल दिसला. नुसता तिसरा. दिवाळीतल्या दोनशे बारा फोटोंपैकी एकही नाही. पुन्हा लावली, दुसऱ्या संगणकावर लावली. तेच. दुकानात गेलो तर ते म्हणाले, आमच्याकडे जुनं काही ठेवत नाही, महिन्याला साफ करतो. आजींना ‘आहेत’ म्हणून सांगून आलो होतो, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही हे कबूल केले पाहिजे.

आमच्या महाविद्यालयात संगणक शिकवणारे एक सहकारी होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे तबकडी ठेवली. त्यांनी ती यंत्रात घातलीच नाही. खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात धरली आणि म्हणाले, “हे बघा, जळालेला भाग कोऱ्या भागापेक्षा वेगळा दिसतो. आणि त्यात ही बारीक कडी. इथं एक सेशन संपलंय. आतलं वर्तुळ मोठं आहे. तुमचे फोटो आहेत, सर. फक्त शेवटच्या अनुक्रमणिकेत त्यांची नावं नाहीत.” दुकानातल्या मुलाने ‘जुनी पुढे चालवा’ ऐवजी दुसरे बटण दाबले असावे. त्याने काही पुसले नव्हते. पुसणे त्याला शक्यच नव्हते. त्याने मागची बाकी पुढे ओढली नव्हती, एवढेच. लिनक्स ह्या प्रणालीत तबकडीचे कोणते सेशन उघडायचे ते सांगता येते. त्यांनी पहिले सेशन उघडायला सांगितले, आणि पडद्यावर ओसरी दिसली, चटई दिसली, आणि एकामागून एक दोनशे बारा बंद.

आजींना सांगायला गेलो. त्यांनी विचारलं, “म्हणजे ते सापडले, का होतेच?”

मी म्हटलं, “होतेच आजी. मलाच दिसत नव्हते.”

श्रोतेहो, ह्या प्रसंगानंतर काही महिन्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन मी नाशिकच्या पांडवलेण्यांत गेलो होतो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा अठराव्या वर्षाचा लेख आहे. पश्चिम ककडी गावातले दोनशे निवर्तने शेत त्याने त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना दिल्याची ती आज्ञा. आणि त्याच लेखाच्या खाली, त्याला लागूनच, चोविसाव्या वर्षाचा दुसरा लेख आहे. त्यात राजा आणि त्याची आई बलश्री ह्यांच्या नावाने असे सांगितले आहे की, पूर्वी ककडी गावात जे शेत दिले होते ते कसले जात नाही, गावात वस्तीही राहिलेली नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या सरकारी जमिनीतून शंभर निवर्तने देत आहोत. पुढे पुळुमावीच्या काळातही हेच घडले. एकोणिसाव्या वर्षी एक गाव दिले, आणि बाविसाव्या वर्षी त्याच्या बदल्यात दुसरे गाव दिल्याचा लेख पहिल्याच्याच खाली कोरला.

हे लेख मी पूर्वीही शिकवले होते. त्या दिवशी मात्र ते वेगळे दिसले. दगडावरचे अक्षरही पुसता येत नाही. शेतीची व्यवस्था बदलली, तेव्हा कारागिराने जुना लेख तासून काढला नाही. त्याने जागा होती तिथे, खाली, नवा लेख कोरला, आणि नव्या लेखाने पहिल्या वाक्यातच जुन्याचे नाव घेतले. आधी जे दिले होते ते अमुक, त्याचे असे झाले, म्हणून आता हे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांनी आपण तिथे उभे राहतो तेव्हा आपल्याला केवळ शेवटची आज्ञा कळत नाही. ककडी गाव ओस पडले होते, ही गोष्टही कळते. मागचा लेख पुसून त्याजागी नवा लिहिला असता, तर त्या ओस गावाची आठवण कोणी ठेवली असती?

तबकडी घडवणाऱ्यांनी नाशिकचा लेख पाहिला नव्हता, हे सांगायला नकोच. पण जिथे लिहिलेले पुसता येत नाही, तिथे माणूस पुन्हा पुन्हा ह्याच रीतीवर येतो. नवे खाली लिहायचे आणि नव्यात जुन्याचा पत्ता द्यायचा. ह्यातला अर्धा भाग पदार्थ सांभाळतो. दगड सांभाळतो, रंगाचा थर सांभाळतो. उरलेला अर्धा भाग लिहिणाऱ्या माणसाला सांभाळावा लागतो. आपल्या इतिहासात जे हरवले म्हणून आपण हळहळतो, त्यातले सगळेच काही जळालेले किंवा भिजलेले नसते. पुष्कळ दप्तरे जागेवरच असतात. मागाहून आलेल्या कोणी यादी करताना त्यांची नावे घातलेली नसतात.

तबकडीची पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९९७ पासून पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी बाजारात आली. मग डीव्हीडी आली. तिच्यावरही अनेक बैठकांत लिहिता येई, पण जुन्या यंत्रांना तिची नंतरची सेशने पुष्कळदा दिसत नसत. म्हणजे तोच रोग नव्या अंगात. मग खिशात मावणारे पेन ड्राइव्ह आले. तिथे हवे ते पुसावे, हवे ते लिहावे, सेशन नाही की अनुक्रमणिका ओढणे नाही. २००८ साली ॲपल कंपनीने तबकडीचे यंत्रच नसलेला पातळ संगणक काढला, आणि हळूहळू सगळ्याच संगणकांतून ते यंत्र निघून गेले. ज्या तायो युदेनने ही तबकडी सिद्ध केली, तिने २०१५ च्या अखेरीस तबकड्यांचा धंदा सोडला. आपल्या देशात नोएडाची मोझर बेअर ही कंपनी एके काळी जगातल्या मोठ्या उत्पादकांत मोडत असे. २०१८ साली तिचे दिवाळे निघून ती मोडीत काढण्याचा हुकूम झाला.

कारखाने बंद झाले, पण तबकड्या घरोघर आहेत. कपाटाच्या वरच्या खणात, लग्नाच्या अल्बममागे, वर ‘गणपती, साखरपुडा, आबांची एकसष्टी’ असे मार्कर पेनने लिहिलेल्या. त्यांतल्या रंगाच्या थराला ऊन सोसत नाही, आणि तो कायम टिकणारा नाही. वाचणारी यंत्रेही आता शोधावी लागतात. म्हणून ज्यांच्याकडे अशा तबकड्या असतील, त्यांनी वेळ आहे तोवर त्यांतला मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा, आणि एकीच्या दोन प्रती कराव्यात. उतरवताना साखरपुडा दिसतो आहे पण एकसष्टी दिसत नाही, असे झाले तर ‘गेली बिचारी’ म्हणून तबकडी टाकून देऊ नये. तिची सगळी सेशने तपासून घ्यावीत. जाणत्या माणसाला ते कठीण नाही.

आजी आता नाहीत. वाड्याच्या जागी नवे घर उभे आहे. त्या दोनशे बारा फोटोंमधून पुढे माझ्या दोन विद्यार्थ्यांनी आपले प्रबंध लिहिले. मूळ तबकडी मी जपून ठेवली आहे. मोडी शिकवायच्या पहिल्या तासाला ती मी वर्गात नेतो आणि मुलांना सांगतो, खिडकीपाशी या, उजेडात तिरपी धरा आणि कडी मोजा.